उशीखालचा पाव

माझ्या थोरल्या बहिणीला मी भरल्या घरात खोटं पाडलं, तेही ठरवून. त्याचा मला पस्तावा नाही. पस्तावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा.

बहिणीला खारेपाटणला दिली होती. नवरा लवकर गेला, ती मालवणजवळच्या आमच्या घरी परतली आणि घर तिच्या हातात गेलं. न्हाऊन, देवाला दिवा लावल्याशिवाय घरातल्या बाईच्या तोंडात घास जाता कामा नये, हा तिचा नियम. माझ्या बायकोला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाही तो सुटला नाही. उठून पाणी तापवायचं, पेज चढवायची, सुका बांगडा भाजायचा. त्याचा वास नाकात गेला की बायको मागच्या दारी धावायची. पोटात काही नसायचं, नुसतं पिवळं पित्त पडायचं.

"आमच्या येळेक असली नाटकां नव्हती," बहीण म्हणायची. तिला स्वतःला मूल झालं नव्हतं. हे तिला सुनवायची माझी छाती नव्हती.

कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. रोज ओकाऱ्या ऐकून त्यांनी एकदा कागदात गुंडाळून पावाचे भाजून कडक केलेले तुकडे दिले.

"उशीखाली ठेव गो बाये. उठुच्या आदी, पडल्यापडल्याच चाव. मगे सावकाश ऊठ."

दिवसभर थोडं थोडं खात राहा, पोट रिकामं ठेवू नको, आल्याचा तुकडा मिठाला लावून चघळ, हेही त्यांनीच सांगितलं. आणि बांगडा भाजायचं काम दुसऱ्या कुणाला तरी दे. घरात मी होतो, मला दोन हात होते. पण ते मला तेव्हा सुचलंच नाही.

चार दिवसांत बायकोच्या तोंडावर जरा रया आली. पाचव्या दिवशी अंथरूण काढताना उशीखालचा पाव माझ्या हाती लागला. बायकोला विचारायचं सोडून मी तो बहिणीपुढे नेऊन ठेवला. ती मला "बायलेच्या पदराखालचो" म्हणून टोचायची. मी तसा नाही हे तिला दाखवायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

"किरिस्तावाच्या घरचो पाव! आणि न्हाल्याबिगर!"

तिने बायकोला विहिरीवर थंड पाण्याने दोनदा न्हायला लावलं आणि दिवसभर पडवीत बसवून ठेवलं. तुकडे कोंबड्यांना टाकले. आठवडाभरात बायकोच्या पोटात पाणीही ठरेना, लघवी कमी झाली, डोळे खोल गेले. तालुक्याच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन चढलं. डॉक्टरांनी शिक्षिकेचंच म्हणणं सांगितलं. वर बजावलं, की पाणी ठरत नसेल तर घरच्या उपायांवर बसू नका, ताबडतोब आणा. घरी येऊन मी यातलं अक्षर बोललो नाही. पाव बहिणीलाच सापडला असं बायको धरून चालली, आणि मी तिला तसं धरू दिलं. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेही तसंच धरून.

त्या बाळंतपणात झालेल्या माझ्या लेकीची लेक आता गरोदर आहे. गेल्या महिन्यात तिचं डोहाळजेवण आमच्या घरी झालं. शिक्षिकाबाईंना आमंत्रण द्यायला मी काठी टेकत स्वतः गेलो. माझ्या मनात काय आहे ते त्यांना सांगितलं नाही. बहीण हल्ली प्रत्येक पोटुशीला आपल्या उपायांची कहाणी ऐकवते, हे मला ठाऊक होतं.

नातीने व्हिडिओ काढायला मोबाईल धरला. "आक्काआजी, सांग गे, मळमळीवर काय करूचा?"

"हिच्या आजयेक मीच सांभाळलंय," बहीण खुर्चीत सरसावून म्हणाली. "उठुच्या आदी सुको पाव देय. आल्याचो तुकडो देय. कोकमाचा सार…"

पावापर्यंत तिची मजल जाईल असं मलाही वाटलं नव्हतं. मी शिक्षिकाबाईंकडे हात करून पुढे झालो.

"आक्का, पाव ह्या बाईंनी दिल्यानी. तू तो कोंबड्यांक घातलंस. आणि पावासाठी तिका थंड पाण्यान न्हाणयलंस. सांग, ह्याय सांग मोबायलात."

ओटी भरणाऱ्या बायका जागीच थांबल्या. बहिणीचं तोंड उघडं राहिलं. ते बघायला मी इतकी वर्षं थांबलो होतो, आणि मी डोळे भरून बघितलं.

मग तिने तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि माका तो पाव कोणी आणून दिल्यान रे? ताय सांग मगे."

हे सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण मोबाईल चालू होता, शिक्षिकाबाई समोर होत्या. "मीया," मी म्हणालो.

लेक ताट हातात घेऊन उभी होती. "बाबा, आयेक म्हायत होता ह्या?"

"नाय."

तिने ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. त्या दिवशी ती मला वाढायला आली नाही, आणि अजून तिचा फोनही नाही.

निघताना नातीने हळूच विचारलं, "आजोबा, व्हिडिओतला शेवटचा तुमचा बोलणा काढून टाकू? आक्काआजीचा तेवढा ठेवतंय."

"काढू नको," मी सांगितलं. "तिचा ठेवतंस, तर माझाय ठेव."