त्या दिवसांतली कॉफी

ऐला तिक्कानेन टपालाची गाडी चालवते. फिनलंडमधल्या कुओपिओ गावाच्या उत्तरेला तळ्याच्या काठाकाठाने घरं विखुरलेली. एका घराचं धुराडं दुसऱ्या घरातून दिसलं, तर ते शेजारी म्हणायचे. पत्रं आता कमी आणि पार्सलंच जास्त. पण पेटीत टाकून पुढे निघून जाईल तर ती ऐला कसली! ती दार वाजवणार, कोण बरं आहे कोण नाही ते डोळ्यांनी बघणार, आणि पुढे केलेला कॉफीचा कप रिकामा करूनच उठणार. नको म्हटलं की माणसं दुखावतात, असं तिचं म्हणणं.

तोंडाची मात्र महाफटकळ. कुणाचं कौतुक करायचं झालं तरी शिवी दिल्यासारखं करते. नवरा वेइक्को गेला, तेव्हा पुरून आल्यावर जमलेल्या माणसांनाही ती "उभे काय राहिलात खांबासारखे, कॉफी घ्या," म्हणून दटावत होती. माझा तुझ्यावर जीव आहे, असलं काही बोलायची रीत त्या घरात कधीच नव्हती. जीव असायचा, पण तो किटलीतून बाहेर पडायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

तिची एकुलती एक लेक तुइया. कुओपिओत बालवाडीत शिकवते, एकटी राहते. दिवसभर परक्या पोरांचे शेंबूड पुसणार, बुटांच्या नाड्या बांधणार आणि आवाज म्हणून चढवणार नाही, अशी शांत मुलगी. पण पाळी यायच्या आधीचे काही दिवस आले की हीच का ती, असा प्रश्न पडे. बोटं सुजत, छाती इतकी दुखे की कुणी जवळ घेतलं तरी नको होई. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, आणि दिवसा दुधाच्या खोक्याचं झाकण निघालं नाही एवढ्यावरून रडू कोसळे. ते दिवस आले की ती बस पकडून सरळ आईकडे येई. ठेच लागलेलं पोर घराकडे पळतं, तशी.

ऐलाही हात आखडता घ्यायची नाही. लेक दारात बूट काढतेय तोवर इकडे किटली चढलेली असे. कडक कॉफी, वेलदोडे घातलेला गोड पाव, पुन्हा कॉफी. आणि टेबलावर सल्मियाक्कीची पिशवी. ज्येष्ठमधाच्या त्या काळ्या, खारट वड्या परक्याने तोंडात घातल्या तर थुंकून टाकेल, आणि आपल्या माणसाला एकीवर थांबता येत नाही. तुइया लहान असताना तिचा गुडघा फुटला की वेइक्को तिच्या तोंडात एक सल्मियाक्की टाकायचा आणि रडं थांबायचं. बाप गेल्यावर ते काम आईने उचललं. फक्त एका वडीची पिशवी झाली.

मग व्हायचं ते व्हायचं. तुइया रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी डोळे सुजलेले, बोटं कालच्यापेक्षा जाड. ऐला म्हणायची, चेहरा बघ कसा उतरलाय, थांब, कॉफी टाकते. दुपारपर्यंत शब्दाने शब्द वाढायचा, आणि दोघी दोन खिडक्यांपाशी तोंडं फिरवून बसायच्या.

सप्टेंबर सरता सरता एका रविवारी कडेलोटच झाला. ऐला बोलता बोलता बोलून गेली, आमच्या वेळी नव्हती असली थेरं, माझं पोट दुखायला लागलं की मी लाकडं फोडायचे. तुइयाने कप खाली ठेवला.

"तुझ्याकडे आले ना आई, की मला जास्तच त्रास होतो," ती म्हणाली. "दर वेळी."

आणि कोट घालून चालती झाली. ऐला तिच्यामागे गेली नाही. मानी बाई! जाते तर जाऊ दे म्हणाली, आणि उरलेली कॉफी एकटीने प्यायली.

पुढच्या महिन्यात ते दिवस आले. ऐलाला त्यांचा अंदाज बरोबर असायचा. तिने गुपचूप पाव भाजला, बस यायच्या वेळी रस्त्याकडे बघत राहिली. बस आली, गेली. तुइया आली नाही. फोन होई रविवारी, पण त्यात हवापाण्याच्या गप्पा. तिकडे पाऊस का? इकडेही पाऊस. बरं, ठेवते.

ऐला टपाल वाटत हिंडायची खरी, पण जिवाला घोर लागला होता. कुठे कमी पडलो आपण? पोरीला कधी नाही म्हटलं नाही, कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही. मग माझ्याकडे आलं की त्रास होतो म्हणजे काय? कुणाला विचारणार? विचारलं तरी काय सांगणार, की लेकीला आई सोसवेनाशी झाली? तेवढं बोलायची तिची जीभ नव्हती. आणि त्या लाकडांचं म्हणाल, तर तेही अर्धंच सांगितलं होतं. लाकडं फोडता फोडता ती रडत असे. वेइक्कोला दिसू नये म्हणून घराच्या मागच्या बाजूला जाऊन फोडत असे.

शेवटी शेजारच्या हिल्क्काने तिचं तोंड बघून ओळखलं. हिल्क्का दाराशी उभी राहून म्हणाली, "ती तिकडे रुसलीय, तू इकडे. दोघींतली जी म्हातारी असेल तिने जावं."

नोव्हेंबरचा चिकचिकाट होता, बर्फ धड पडत नव्हतं आणि पाऊसही धड थांबत नव्हता. त्या शनिवारी ऐला गाडी काढून कुओपिओला निघाली. तेच दिवस होते, मुद्दाम गाठून निघाली होती. शेजारच्या सीटवर मोठा थर्मास, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव, आणि सल्मियाक्की. भांडण मोठं होतं म्हणून पिशव्या दोन घेतल्या.

तुइयाने दार उघडलं. लोकरी मोजे, केस विस्कटलेले, पोटाशी शेकायची रबरी पिशवी मफलरने करकचून बांधलेली. आईला बघून तिचा चेहरा उजळला. मग नजर थर्मासवर गेली, पिशव्यांवर गेली, आणि चेहरा कसानुसा झाला.

"नको, आई."

ऐलाच्या अख्ख्या आयुष्यात तिच्या किटलीला कुणी असं तोंडावर नको म्हटलं नव्हतं. तिने थर्मास छातीशी धरला, म्हणाली, बरं, निघते मी, रस्ता निसरडा होईल. आणि वळलीसुद्धा. तुइयाने तिची बाही पकडली.

"अगं, तू नको नाही. कॉफी नको."

मग ती आत बसवून सांगायला लागली. कामाच्या ठिकाणी जी नर्स येते, तिच्याकडे ती ऑक्टोबरात गेली होती. नर्सने पहिलं विचारलं ते, त्या दिवसांत खाते-पिते काय? तुइयाने सांगितलं, तसं त्या बाईने कपाळालाच हात लावला. कॉफी झोप पळवते, धडधड वाढवते. ज्येष्ठमध आणि मीठ अंगात पाणी धरून ठेवतात. आणि तू नेमक्या त्याच दिवसांत दोन्हींवर ताव मारतेस? म्हणाली, ते दोन्ही बंद करून बघ. रोज संध्याकाळी चालायला जा, हवा कशीही असो. गोडाधोडावर पोट भरण्यापेक्षा वेळच्या वेळी जेव, ओटची लापशी खा, कडधान्यं खा, लवकर आडवी हो, दुखलं की शेक. जादू होणार नाही, असंही ती म्हणाली, आणि तरी नाहीच सोसलं तर डॉक्टर आहेतच.

पहिले काही दिवस कॉफीवाचून डोकं नुसतं ठणकत होतं, तुइया म्हणाली. बालवाडीतल्या बायका कप हातात नाही बघून विचारायला लागल्या, काय गं, काही गोड बातमी? पण तळ्याकाठी चालून आलं की झोप लागायला लागली. या खेपेला बोटं फारशी सुजली नाहीत. रडू अजून येतं. पण आता येतं तसं जातंही.

ऐला ऐकत होती. थर्मास अजून मांडीवरच होता.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "दर महिन्याला माझ्या हाताने आगीत तेल ओतत होते."

"तुला काय माहीत होतं? मला तरी कुठे माहीत होतं?" तुइया थोडा वेळ मोज्याचा धागा ओढत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "आई, मला वाटायचं, तूच. इकडे कशीबशी असायचे आणि तुझ्या घरी आले की बिघडायचे. मला वाटायचं, मला माझी आईच सोसत नाही. कसली मुलगी मी! त्याची इतकी लाज वाटायला लागली, की येणंच बंद केलं."

ऐलाला आधी रागच आला. म्हणजे दोन महिने ती स्वतःला खात होती, आणि इकडे ही पोरगी स्वतःला खात होती, आणि कशापायी, तर काळ्या वड्यांपायी! अशा वेळी ती उठून किटली चढवते. आता तीही सोय राहिली नव्हती. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली, आणि त्या हातांचं काय करायचं ते तिला खरोखर कळेना.

तुइयाच म्हणाली, आज संध्याकाळी माझा सॉनाचा तास आहे, चल.

इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एकच सॉना, वाफ घेत अंघोळ करायची लाकडी खोली. शनिवारी ज्याने त्याने आपापला तास धरायचा आणि तास संपला की मुकाट बाहेर पडायचं. दुसऱ्याच्या वेळेत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, आणि असं करणाऱ्याचं नाव जिन्याजिन्यातून वर्षभर फिरतं. त्या दिवशी दोघींनी वाफ बेताचीच ठेवली. तुइया खालच्या फळीवर, ऐला तिच्या मागे वरच्या. सॉनात भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे बराच वेळ नुसते पाणी शिंपडलेले भट्टीवरचे तापलेले दगड सुसकारत होते.

ऐलाने कोमट पाण्यात हात बुडवले, साबण घेतला आणि लेकीची पाठ चोळायला लागली. शाळेत जायला लागल्यापासून ही पाठ तिच्या हाताला लागली नव्हती. कमरेपाशी आली तशी तुइया कळवळली. ऐलाने चोळणं थांबवून तिथे नुसता तळवा टेकवला, आणि टेकवलेलाच ठेवला. मग तिने घरामागच्या लाकडांची गोष्ट सांगितली, रडण्यासकट. तुइया मागे न बघता ऐकत होती.

"मला दुसरं काही देता येत नव्हतं गं," ऐला म्हणाली.

"हे येतंय की," तुइया म्हणाली. "हात काढू नकोस."

ऐलाने हात काढला नाही. तुइयाचे खांदे हळूहळू खाली आले, श्वास लांब झाला, आणि भिंतीला डोकं टेकवून ती चक्क पेंगायला लागली. तास संपल्याचं ऐलाला कळलं होतं. बाहेर पुढच्या कुटुंबाच्या चपला वाजल्या, कुणीतरी खाकरलं, मग दारावर टकटक झाली.

"थांबा जरा," ऐलाने आतून सांगितलं. "माझ्या लेकीला बरं नाहीये."

बाहेरच्या चपला दोन पावलं मागे सरकल्या. ऐलाने दुसऱ्या हाताने कोमट पाण्याचा आणखी एक डाव भरला आणि तुइयाच्या पाठीवर हळू सोडला.