धाकट्या भावोजींचं एका पातेल्यातलं जेवण

अर्धे कपडे दोरीवर आणि अर्धे बादलीत असताना शेजारच्या दारातून धाकट्या भावोजींची हाक आली, "वहिनी, हे वाढतंय."

मी ओला सदरा खांद्यावर टाकून तशीच गेले.

भावोजी शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, आणि या दोहोंमधला उंबरा त्यांनी आजवर फक्त जेवायला ओलांडलेला. लग्नाआधी जाऊबाईंना पाहायला गेले तेव्हा चेहऱ्याच्या आधी बाहीची वाकडी शिवण पाहिली, असं आमच्या ह्यांचं म्हणणं.

जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्यात. त्यांच्या मागे भावोजींनी कोपऱ्यावरची खाणावळ धरली. महागडं आणि तेलकट जेवण. पोटात जळजळ सुरू झाली, डॉक्टरांनी दटावलं. मी आनंदाने वाढलं असतं, पण जाऊबाईंनी फोनवर मला बजावलं की ताई, तुम्ही वाढलंत तर हे जन्मात शिकायचे नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, उद्या दुपारी स्वतः रांधून मला दाखवा, नाहीतर मी निघून येते. लेक अवघडलेली, तिच्याजवळ दुसरं कोणी नाही. भावोजींचं तोंड एवढंसं झालं. मग मीच सोपं सांगितलं: तांदूळ, मसूर, गाजर, मूठभर पालक, हळद, सगळं एकाच पातेल्यात. एक पँट शिवून होईतो शिजतं, पोटाला हलकं आणि खिशालाही. सकाळी देवापुढे सगळ्यांची नावं घेतल्यावर त्या पातेल्यासाठीही हात जोडले होते.

देवाने ऐकलं, पण जरा जास्तच.

पातेल्याचं झाकण टोपीसारखं वर उचललेलं, डाळ चारी बाजूंनी खाली येत होती. बाजूला दोन पातेली आधीच भरलेली. गाजराचे तुकडे मात्र देखणे, सगळे एका मापाचे. कापण्याआधी त्यावर खडूने रेघा मारल्या होत्या. खडू नंतर धुतला, असं भावोजी शपथेवर सांगतात.

"किती घेतलंत हो?"

"माझ्यापुरतंच. वर आटण्यापुरतं जास्त."

"आटण्यापुरतं?"

"पाण्यात घातलं की आटतंच ना, वहिनी. नवं कापड मी भिजवल्याशिवाय कापतो का कधी? शिजून चिमूटभर उरलं असतं तर हिला काय दाखवलं असतं?"

मी तिथेच जमिनीवर बसले. हसू आवरायच्या आत जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल आला. भावोजींनी गिऱ्हाईकाचा कोट ओढून पातेल्यांवर टाकला. मी तो काढला. म्हटलं, देव बघतोय, आणि जाऊबाई त्याच्याहून बारीक बघतात.

त्यांनी बघितलंच. ताट बघितलं, मग फोन जरा खाली धरायला सांगितला. भावोजी कपाळ पुसत उभे. जाऊबाईंनी मलाच विचारलं, "ताई, कच्चं आहे का?"

मी घास घेतला. अशा वेळी खोटं बोलून चालत नाही.

"शिजलंय चांगलं. मीठ कमी आहे, ते वरून घेता येईल."

"मग मी राहते इथे," जाऊबाई म्हणाल्या. "पण त्यांना म्हणावं, उद्या गावजेवण नाहीये."

भावोजी दोनदा वाढून घेऊन जेवले. उरलेलं दोन्ही घरच्या डब्यांत, वाट्यांत आणि पातेल्यांत भरून समोरच्या न्हाव्याकडे, इस्त्रीवालीकडे, वरच्या मास्तरांकडे पोचवलं. न्हाव्याने चव घेऊन विचारलं, डाळ एवढ्या सैल हाताने करता, मग माझी पँटच तेवढी घट्ट का शिवलीत? भावोजींना तो टोमणाही गोड लागला.

उद्याचं माप मी त्यांच्या हातात वाटी देऊन दाखवणार होते, पण घरात ना वाटी उरली ना पातेलं. माझे कपडे अजून बादलीतच आहेत. भावोजी भांडी परत आणायला गेलेत.