दुर्बीण डावीकडे

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या शिंपिणीला गल्ली 'पाखरूवेडी' म्हणायची. वेड खरं तर नवऱ्याचं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. पंपघरामागच्या तळ्याकाठी, दगडी कट्ट्यावर बसून त्याने तिला पहिल्यांदा परीट दाखवला. सतत शेपटी हलवणारा, थंडीची चाहूल लागली की दूरदेशाहून येणारा. "शिंपिणीकडे परीट पाहुणा!" हा त्याचा विनोद दरवर्षी व्हायचा आणि तीही दरवर्षी हसायची. जुना नवरा आणि जुना विनोद, दोन्ही चालवून घ्यावे लागतात.

दोघांत दुर्बीण एकच. पट्टा मानेत अडकायचा, म्हणून तिने तो कात्रीने कापूनच टाकला होता. ज्याला पक्षी दिसेल त्याने पक्ष्यावरची नजर न काढता दुर्बीण बाजूला धरायची आणि सोडून द्यायची. दुसऱ्याचा हात तिथे असणारच. दुसऱ्याने बघून "हं" म्हटलं की पक्षी खरा, नाहीतर दिसलाच नाही. तो नेहमी तिच्या डावीकडे बसायचा.

उन्हाळ्यात पंपाशीच त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं.

यंदा वारा उलटा फिरला होता. येणारी पाखरं वाटेत कुठेतरी अडकून पडली होती. धाकटी बहीण सोबतीला यायची आणि कंटाळायची.

"ताई, औषधालासुद्धा पाखरू नाही गं. बघतेस तरी काय?"

"बघत नाहीये. बसलेय नुसती."

तिला हे रिकामं तळंच बरं वाटत होतं. पक्षी नाही, तोवर दुर्बीण डावीकडे द्यायला नको. परीट आला आणि "हं" ऐकू आलं नाही, तर नवरा गेल्याचं कायमचं पक्कं होणार होतं. या एका भीतीने तिची झोप उडाली होती. बहिणीला मात्र ती डावीकडे बसू देत नसे.

एका सकाळी वारा पडला. धुक्यातून काहीतरी उडत आलं आणि तळ्यातल्या पाइपावर बसलं. शेपटी हलली. शिंपिणीने दुर्बिणीतून पाहिलं, हात आपोआप डावीकडे गेला आणि बोटं सुटली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, हे कुणी सांगत नाही.

खाली फरशी होती. आवाज यायला हवा होता. आला नाही.

"आला?" उजवीकडून बहीण म्हणाली. "बघू, दे की दुर्बीण."

"दिली."

"कुणाला?"

शिंपिणीने मान वळवली नाही. "गप्प बस जरा. त्यांचं बघून होऊ दे."

बहीण पुढे वाकून पलीकडे पाहणार होती, ती अर्ध्यातच थांबली. मग तिनेही नजर परटावर ठेवली आणि ताईचा हात घट्ट धरला. दोघी कान देऊन बसून राहिल्या.