फाटकापाशी रेंगाळू नये

नात वसतिगृहात गेली, तरी तिच्या नव्या बुटांचा रबरी वास अजून खोलीत रेंगाळतो आहे. ती जायच्या आधी आठवडाभर याच खोलीत तिची पेटी उघडी पडलेली होती. लेक एका हातात फोन धरून शाळेकडून आलेला निरोप मोठ्यानं वाचत होती आणि दुसऱ्या हातानं मोज्यांच्या जोड्या लावत होती. हजर कधी व्हायचं, पांघरुणं किती आणायची, औषधं कुणाकडे सोपवायची, केस कसे बांधायचे. शाळा नव्यानं सुरू होताना पालकांना जे जे सांगायचं असतं ते सगळं त्यात होतं. मी मेथी निवडत अर्धवट ऐकत होते. एवढ्यात ती वाचून गेली, “मुलांना सोडल्यावर पालकांनी गेटपाशी थांबून राहू नये. पहिले काही आठवडे भेटायला येऊ नये.” माझ्या हातातली काडी हातातच राहिली. म्हटलं, “एवढं पुन्हा वाच गं.” लेक म्हणाली, “आई, सगळ्याच शाळा असं लिहितात.” लिहीत असतील. पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते बिदरकडच्या दुबलगुंडी गावी, आमच्या ओसरीवर, आणि तेव्हा ते पुन्हा वाचायला सांगणारी माझी आई होती.

हैदराबाद संस्थानात पोलीस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. धामधूम निवली होती, घरं सोडून गेलेली माणसं बहुतेक परतली होती, आणि लोकांना एकदम मुलांच्या शिक्षणाची आठवण झाली होती. बिदरला मैलूरच्या बाजूला काही जाणत्या मंडळींनी मुलींची खाजगी शाळा काढली. गावातल्या मुली सकाळी यायच्या आणि संध्याकाळी घरी जायच्या; आम्हा खेड्यांतल्या मुलींसाठी मागच्या अंगाला बोर्डिंग होतं. मृग जवळ आला की शाळेचं पत्रक यायचं, पातळ कागदावर छापलेलं, मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत. वडील निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांना उर्दूच सफाईनं वाचता यायचं. ते उर्दू बाजू वाचायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. अंथरूण, पांघरूण, ताट, तांब्या, दोन पोशाख. आई मान डोलवत होती. “मुलीस पोहोचविल्यावर फाटकापाशी रेंगाळू नये. पहिला महिना भेटीस येऊ नये.” आईची मान थांबली.

“पुन्ना वाचा ते,” ती म्हणाली. वडिलांनी वाचलं. “म्हंजी म्हैनाभर जायचंच न्हाई? अवो, सासरी धाडलेली लेकसुदिक पयल्या पंचमीला माघारी आणतेत.”

“पंचमीला सुट्टी हाय की,” वडील म्हणाले. “तितंच लिवलंय.”

मग आई जरा शांत झाली. आता विचार केला की हसू येतं, पण आमच्या गावाला मुलगी घराबाहेर पडते याचा एकच अर्थ ठाऊक होता. ती जाते ती सासरी. शाळेसाठी वेगळे रीतिरिवाज कुणी बसवलेलेच नव्हते, म्हणून सासरचेच चालवले. न्हाणंधुणं झालं, देवापुढे डोकं टेकवून झालं. ओटी भरावी की नाही यावर शेजारणींची बरीच चर्चा झाली. लग्न न झालेल्या पोरीची ओटी कशी भरायची? शेवटी तांदळाला फाटा देऊन नुसता नारळ आणि खण माझ्या हातात ठेवला. बायका रडल्या. वडील मला घेऊन बैलगाडीनं हुमनाबादेला आणि तिथून मोटारीनं बिदरला निघाले. आई वेशीपर्यंत आली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, “सोसून ऱ्हा गं माय.”

सोसायचं काय, ते मी पुष्कळ दिवस शोधत होते. खरं सांगायचं तर बोर्डिंगात मला काहीच सोसावं लागलं नाही. घरी मी थोरली. पाणी माझ्याकडे, शेण माझ्याकडे, आणि कमरेवर कायम कोणतं तरी भावंड. एक चालायला लागलं की दुसरं कडेवर यायचं. बोर्डिंगात पहिल्या सकाळी उठले तर कंबर एकदम मोकळी. मी उगीचच अंगणभर पळून आले. दोन्ही वेळा घंटा झाली की ताटापुढे बसायचं आणि कुणीतरी आपल्याला वाढायचं! वरण पाण्यासारखं होतं, भाकरी कडेला करपलेली असायची, बाकीच्या मुली नाकं मुरडायच्या. मला ते अन्न अमृतासारखं लागे, कारण ते मी केलेलं नसे आणि खाऊन झाल्यावर कुणाला भरवायचंही नसे. अंथरुणात कुणाचा पाय अंगावर नाही. पुस्तक उघडलं की ते मिटायला लावणारी हाक नाही. रात्री शेजारच्या मुली उशीत तोंड खुपसून हुंदके देत, आणि मी आपली छताकडे बघत उद्या खो-खोत कुणाला बाद करायचं याचे बेत रचत पडलेली असे. आईची आठवण येत नव्हती असं नाही. पण ती आली की तिच्या पाठोपाठ पाण्याचा हंडाही आठवायचा, आणि मी कूस बदलायची.

आमच्या शेजारी अण्णा राहायचे. त्यांचा भावकीशी बांधावरून खटला चालू होता. तो त्यांच्या हयातीत काही निकाली निघाला नाही, पण त्याच्या तारखांमुळे आमच्या घरची शिदोरी मला वेळच्या वेळी पोहोचत असे. बिदरच्या कचेरीतलं काम आटोपलं की अण्णा बोर्डिंगच्या फाटकाशी यायचे. आई-बापांना मनाई होती, अण्णांना नव्हती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी धपाटे. गाठोडं हातात देऊन ते विचारायचे, “काय सांगू मायला?”

“मजेत हाय म्हणून सांगा.”

अण्णा इकडेतिकडे बघायचे, जणू मी काही भलतंच बोलले आहे. “असं सांगतेत व्हय गं? मायच्या जिवाला काय वाटंल?” आणि पटका सावरत निघून जायचे.

त्या बिचाऱ्यांनी आजवर अनेक लेकीबाळींचे निरोप सासरहून माहेरी पोहोचवलेले. पोरीला आठवण येते, पोरीच्या डोळ्याला पाणी असतं, हेच निरोपाचं रूप त्यांना माहीत. माझा निरोप त्यांना कच्चा वाटायचा, म्हणून वाटेत ते तो पिकवून घ्यायचे. हे मला पंचमीला कळलं. न्यायला तेच आले होते, मुराळी म्हणून. घरी पाऊल टाकलं तशी आईनं मला पोटाशी धरलं आणि म्हणाली, “लई रडायलीस म्हणं गं रोज? अण्णा सांगत हुते.” मी अण्णांकडे पाहिलं. ते बैल सोडण्यात गढून गेले होते.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण तो दिवस पंचमीचा. लिंबाला झोका बांधलेला, गावच्या सगळ्या माहेरवाशिणी जमलेल्या, आणि एकेक जण आपलं दुःख सांगत होती. एकीची सासू भाकरी मोजून द्यायची. एकीला वर्षभर कुणी आणलंच नव्हतं. त्यातल्या दोघी तर माझ्याच वयाच्या, गेल्या वर्षी माझ्याबरोबर सागरगोटे खेळलेल्या. सांगून झालं की सगळ्या माझ्याकडे बघायच्या. “तुझं सांग की.” त्यांच्या मध्ये बसून मी काय सांगू? की मला आयतं ताट मिळतं? की मी दिवसभर हुंदडते? मला इतकी लाज वाटली की मी त्यांच्याच दुःखातून थोडं उसनं घेतलं. म्हणाले, “आमच्या बाई लई मारतेत.” आमच्या बाईंनी कधी कुणावर हात उगारला नव्हता. उलट मला ताप आला तेव्हा उशाशी बसून होत्या. पण ते वाक्य बोलले आणि सगळ्यांनी मला आपल्यात घेतलं. मागे आई लाह्यांची परडी घेऊन उभी होती.

त्या दिवशी पुरणाची दिंडं केली होती. आईनं सगळ्यांना वाढलं आणि स्वतः मिठाशी भाकरी खाल्ली. मी विचारलं तर म्हणाली, “दाढ दुखायलीय.” मग चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “खरंच मारतेत?” माझी मान आपोआप हलली. वडील बाहेरून म्हणाले, “मग ऱ्हाऊ दे, घरीच ठिवू तिला.” पण आईच म्हणाली, “न्हाई. जाऊ द्या. मी बी नवव्या वर्सी सासरी जाऊन सोसलं, त्याचं काय झालं? चुलच फुकली. तिचं सोसलेलं तरी कामाला यील.”

त्यानंतर मी प्रत्येक सुट्टीत रडत निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आईच्या वाट्याला तो हंडा, ती भावंडं, ते सगळं टाकून आपण मजा मारायला चाललो आहोत, निदान डोळ्यांत चार टिपं तरी आणावीत. तेवढंच आपल्याकडून तिला. दिवाळीला रडले, संक्रांतीला रडले. आणि दर वेळी सणाच्या ताटावर आईची दाढ दुखत राहिली.

वर्ष सरलं, पुन्हा पत्रक आलं. या वेळी मराठी बाजू मी वाचून दाखवली, ठसक्यात. “फाटकापाशी रेंगाळू नये” इथे आले तेव्हा आई म्हणाली, “औंदा मी जाते पोचवायला.” वडिलांना नवल वाटलं, पण ती हटली नाही. माहेर आणि तुळजापूर सोडून आई कुठे गेलेली नव्हती, म्हणून सोबतीला अण्णा आले. मोटारीत तिनं पूर्ण वेळ माझा हात धरून ठेवला होता. मी आतल्या आत रडण्याची तयारी करत होते. फाटकापाशी गेल्यावर सुरुवात करायची असं ठरवलं होतं. पण फाटक आलं, आणि आतून माझ्या मैत्रिणीनं नुसती हाक मारली. खो-खोचा डाव मांडलेला होता, एक गडी कमी पडत होता. मी आईच्या हातातून हात कधी सोडवला ते मला आठवत नाही. गाठोडंसुद्धा तिच्याच काखेत राहिलं. डाव संपल्यावर आठवण झाली तेव्हा गाठोडं माझ्या अंथरुणापाशी आणून ठेवलेलं होतं आणि आई गेलेली होती.

पुढच्या तारखेला अण्णा आले. जरा ओशाळलेले दिसले. म्हणाले, “मायनं तुज्या मला पार खोटं पाडलं बग.” मग त्यांनी सांगितलं ते असं. मी पहिल्यांदा शाळेत आले त्या दिवशीच आईनं गूळ सोडला होता. लेकरू सुखात आहे हे डोळ्यांनी बघेन तेव्हाच तोंड गोड करीन, असं ती देवापुढे बोलून बसली होती. अण्णांच्या घरच्यांना ते ठाऊक होतं, मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला पोचवलं त्या दिवशी आई फाटकातून बाहेर पडली, आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. रेंगाळू नये असं छापलेलं होतं, तरी राहिली. मला पळताना, ओरडताना, हसताना तिनं डाव संपेपर्यंत पाहिलं. मग दुकानदाराकडून गुळाचा खडा मागून घेतला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. खाल्ला, डोळ्याला पदर लावला, आन् मोटारीत बसली.”

“काही म्हणाली?”

“मला इतकंच म्हन्ली, ‘अण्णा, माज्या लेकीला खोटं रडाया कामून लावलंव?’ आता मी लावलं का तू, ते देव जाणे.”

त्यानंतर मी कधी रडत निघाले नाही आणि आईनंही कधी विचारलं नाही. सणाला दिंडं झाली की ती पहिलं माझ्या ताटात वाढायची आणि दुसरं स्वतःच्या. पण तो पदर तिनं कशासाठी लावला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. लेक सुखात आहे म्हणून, की इतकी सुखात आहे की तिला आपली आठवणही राहत नाही म्हणून? विचारायला पुष्कळ वर्षं होती. दर वेळी वाटायचं, विचारलं तर तिला उत्तर द्यावं लागेल. जे एक सुख तिला दाखवायला हवं होतं तेच मी वर्षभर लपवलं, आणि वर त्याला माया समजत राहिले. आई गेली त्यालाही आता बराच काळ झाला. अपराध मोठा नाही हे कळतं, पण गुळाचा डबा उघडताना तो हटकून आठवतो.

परवा आम्ही नातीला सोडायला गेलो. तिनं पेटी ओढत नेली, एका मुलीला बघून किंचाळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. लेक गाडीपाशी उभी होती. “एकदा तरी वळून बघायचं ना गं,” ती स्वतःशीच म्हणाली. शिपाई गाडी काढायला सांगत होता. मी पिशवीतून पुडी काढून तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. “हे काय आता?” म्हणाली. म्हटलं, “आधी खा.” तिनं तोंडात टाकला, चघळला, आणि चघळता चघळताच हसत हसत रडायला लागली. काय होतंय असं मी तिला विचारलं नाही. मी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे एक झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्याची पायरी रिकामी होती. वळून बघायला मला एवढी वर्षं लागली.