मांडीमागची दोरी

शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या शर्टाला लूमच्या तेलाचा वास आला, आणि तो दवाखाना आठवला. तेलकट फरशीवर घसरून ह्यांच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं.

डॉक्टरांनी प्लास्टिकचा गुडघा उघडून दाखवला. “आत फुलीसारख्या दोन दोऱ्या हाडं धरून ठेवतात. पुढची तुटलीय. मांडीमागची एक काढून तिथं बसवू.”

ह्यांचा जन्म लूमवर धागे सांधण्यात गेलेला. “आन् साहेब, जिथून काढाल तिथं काय लावाल? एक धागा कमी झाला तरी कापडात रेघ पडते.”

“काही लावत नाही. तिथलं निभतं.”

आम्ही हसलो होतो.

आता गोडादरा वस्तीतल्या आमच्या खोलीत मी एकटीच. निभतंय. तिथं काय लावलं, असं विचारणारे हे तेवढे गेले.