मोजून दिलेलं पाणी

आईच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं, पाणी मोजूनच द्या, जास्त झालं तर छातीत साठेल. त्या दिवसापासून वहिनीनं माठ आतल्या खोलीत ठेवला आणि कुलूप लावलं.

आमच्या गुंजवण्याच्या घरातून धरण दिसतं. खाटेवरून आई त्या पाण्याकडे बघत ओठ चाटायची. "एक घोट दे गं, पोरी." वहिनी ओठांवरून ओलं फडकं फिरवायची. एकदा आईनं ते दातांत धरून चोखलं. वहिनीनं ओढून काढलं. आईनं तिला तळतळाट दिला. दर शनिवारी माहेरी येणारी मी हे बघायचे.

रस्त्यात बायका वहिनीला ऐकू जाईल असं बोलायच्या, "धरण दारात आन् सासूचा घसा कोरडा. लई गुणाची सून!"

इतकं मोजूनही आईची सूज वाढतच गेली. एका सकाळी तिला धाप लागली आणि त्यातच ती गेली.

तिरडी उचलण्याआधी आम्ही एकेक करून तिच्या तोंडात पाणी घालत होतो. वहिनी पुढं झाली, तशी शेजारी एकटी राहणारी आमची आत्या आडवी आली.

"तू न्हाई घालायचं. जित्तेपनी तरसवलीस तिला. तू रानात गेलीस की म्याच रोज तांब्याभर पाजायची."

सूज कुठून आली, हे वहिनीला आणि मला त्याच क्षणी कळलं.

"घाला, आत्या," वहिनी बाजूला सरकली. "आता कितीबी घाला."

हेतू बघावा तर दोघींचाही चांगला. परिणाम बघावा तर आत्याच्या तांब्यानं आई लवकर गेली. आणि आईलाच विचारलं असतं, तर तिनं तांब्याच मागितला असता. नीतिशास्त्राच्या मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात यापुढचं काही नव्हतं.

तेराव्यानंतर मी म्हणाले, "आत्याला खरं सांगते. गावालाही कळू दे."

वहिनी चुलीपुढून उठली नाही. "नगा, ताई. म्हातारी हाय खाऊन मरंल. मग गाव म्हनंल, हिनं आत्याबी खाल्ली."

तिनं आमटी-भाकरीचं ताट झाकून माझ्या हाती दिलं. ते रोज आत्याकडे जातं.

आत्यानं आमटीत बोट बुडवून चाखलं.

"मीठसुदिक मोजून टाकती," ती म्हणाली. "हातच तसला तिचा."