हिरवा पेशंट

सिस्टरांना निवृत्त होऊन सात महिने झाले होते, पण गल्लीत अजून कोणी त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. खुद्द नवराही नाही. चौतीस वर्षं इस्पितळात, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. सणाच्या आदल्या रात्रीची ड्यूटी कोण करणार असा प्रश्न निघाला, की बाकीच्या जणी आपापल्या चपला न्याहाळत बसायच्या आणि सिस्टर म्हणायच्या, "आणा इकडे तो तक्ता." सकाळी घरी येऊन त्या आडव्या व्हायच्या आणि उठायच्या तेव्हा सण उरकलेला असायचा. कुरकुर त्यांनी कधी केली नाही. गावातली निम्मी माणसं आपल्यामुळे जिवंत आहेत अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि अशा माणसाला कुरकुर शोभत नाही.

यंदा मात्र त्यांना घरचा सण हवा होता. अख्खा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दूरदेशी नोकरी करणारी लेक चार वर्षांनी येणार होती. म्हणून सणाला सजवायला प्लास्टिकचं नको, खरं झाड आणायचं ठरलं. नवरा सुतार, गल्लीत त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी बाजारातून छताला टेकेल एवढं सुयांच्या पानांचं झाड खांद्यावरून आणलं, भिंतीला टेकवलं आणि लोखंडी स्टँडचे स्क्रू शोधायला ते मागच्या कारखान्यात गेले.

तेवढ्यात सिस्टरांची नजर बुंध्यावर पडली. ताजा काप, त्यातून चीक गळतोय. चौतीस वर्षांचे हात, ते कुठले स्वस्थ बसणार! त्यांनी जखम पुसली, मलम लावलं, त्यावर कापूस, आणि पाणी लागून चिघळू नये म्हणून वरून पाणी आत न शिरणारी चिकटपट्टी, तीही दोनदा फिरवून. झाड पाणी पितं ते सालीतून, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं, पण ठाऊक होतं. मिस्त्री स्क्रू घेऊन आले, त्यांनी झाड उभं केलं. पायाशी काय बांधलंय हे बघायला खाली वाकणारं त्यांचं कंबरडं राहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला. "आई, रजा पुढे गेली गं. सणाला नाही जमत. नंतर नवव्या दिवशी पोचते."

"ये की. सण तेव्हा करू," सिस्टर म्हणाल्या.

"नंतर कुठे सण असतो?"

"मी थांबवते त्याला. तू ये."

फोन ठेवून त्यांनी बोटांवर दिवस मोजले. आता या तोडलेल्या झाडाला अकरा-बारा दिवस टिकवायचं होतं. पोरीसमोर वाळकं खराट्यासारखं झाड उभं करायचं? छे! त्यांनी हीटर दुसऱ्या खोलीत नेला, खिडकीचा पडदा ओढला आणि स्टँडशेजारी तक्ता टांगला: तारीख, वेळ, पाणी किती घातलं, किती प्यायलं. शेवटच्या रकान्यात पाच दिवस शून्य पडत गेलं.

"झाड रुसलंय," मिस्त्री म्हणाले.

"रुसत नसतं. अशक्तपणा आहे." सिस्टरांनी पाण्यात साखर घातली. मग मीठ. मग ताकदीची एक गोळी. सुया तरी गळतच राहिल्या, आणि केरसुणीखाली येणारा हिरवा कचरा रोज वाढत गेला.

मधल्या काळात गल्लीतला सण येऊन गेलासुद्धा. शेजाऱ्यांनी दिव्यांच्या माळा खोक्यात भरल्या. सिस्टरांच्या घरात सण अजून यायचा होता, आणि गाणी कोणती लावायची यावरून वाद पेटला होता. सिस्टरांनी बासरीची एक डिस्क आणली होती. संथ, गोड, इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात वाजते तशी.

"हे ऐकलं की मला वाटतं, आता माझा नंबर येणार," मिस्त्री म्हणाले. "आमची कॅसेट आहे की."

"आमची म्हणजे कुणाची?"

"माझी आणि पोरीची. सणाला तीच लागते."

त्यांनी दोन मिनिटं लावून दाखवली. ताशे, कर्णे, झांजा, नुसता दणदणाट. सिस्टरांनी कानावर हात ठेवले. पण खरं दुखलं ते दुसरीकडेच. आपल्या घराचं सणाचं गाणं आपल्यालाच माहीत नाही. इतकी वर्षं या दोघांनी इथे ढोल बडवून मजा केली आणि आपण तिकडे सलाईनच्या बाटल्या बदलत होतो. त्यांना रडू आलं. "बासरीच लागेल," असं म्हणून त्या झाडाला पाणी घालायला गेल्या.

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी काठीला आरसा बांधला, स्टँडखाली सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"सिस्टर, याचा पाय कुणी बांधला?"

"मी. ड्रेसिंग आहे ते."

"अगं, तेच त्याचं तोंड!"

रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच. चौतीस वर्षांत सिस्टरांनी कुणासमोर चूक कबूल केली नव्हती. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, मिस्त्रींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हसून घ्या. मग करवत आणा."

झाड आडवं केलं. मिस्त्रींनी बुंध्याची बोटभर जाड चकती कापून टाकली, कारण चीक सुकून तोंड बंद झालं होतं. साधं पाणी भरलं. साखर नाही, मीठ नाही. संध्याकाळपर्यंत दोन लिटर संपलं. सिस्टरांनी तक्त्यावर आकडा लिहिला आणि तो शेजारणीला बोलावून दाखवला.

लेक ठरल्या दिवशी दुपारी आली. झाड एका बाजूने विरळ होतं, ती बाजू भिंतीकडे फिरवलेली. तिने फांदीत नाक खुपसलं, आईला मिठी मारली, मग बासरी ऐकत शहाण्या मुलीसारखी बसली आणि हळूच बापाकडे पाहिलं.

ती नजर सिस्टरांनी टिपली. "लावा बाई तुमची ती कॅसेट," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी लावली. काहीच ऐकू आलं नाही. यंत्र बिघडलं वाटून सिस्टर वळल्या, तर बापलेक स्पीकरला कान लावून जमिनीवर बसलेले. दोघांच्या माना डोलत होत्या, बोटं गुडघ्यावर बिनआवाजाची नाचत होती.

"अगं, मोठ्याने लाव ना! काय ऐकताय तुम्ही?"

लेकीने डोळे मिटलेलेच ठेवून ओठांवर बोट ठेवलं. "शू! आई झोपलीय."

मग तिचं तिलाच कळलं आणि तिने जीभ चावली. मिस्त्री खाली बघत म्हणाले, "तू ड्यूटीवरून येऊन झोपायचीस ना. म्हणून आम्ही असंच ऐकायचो. दरवर्षी."

सिस्टर जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, या घरात आपल्यावाचून ढोल वाजले. मग डोळे पुसायचेही विसरून त्या पुढे झाल्या आणि त्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. कर्णे असे किंचाळले की झाडाच्या मूठभर सुया गळल्या आणि समोरच्या घराची खिडकी उघडली.

"काय झालं?" शेजारीण ओरडली.

"काही नाही!" सिस्टर तिच्याहून मोठ्याने ओरडल्या. "मी उठलेय!"